देवाला सोडलेली शेळी

म्हसोबाला बोकड सोडतात. शेळी सोडत नसतात. हा आमच्या गावचा रिवाज. कुणी घालून दिला ठाऊक नाही, पण ज्यानं घालून दिला त्यानं जन्मभर शेळ्या राखल्या असणार, हे मी छातीठोक सांगतो. नवस पुरा झाला की बोकडाच्या कानाला काप द्यायचा, कपाळाला शेंदूर लावायचा आणि गळ्यातलं दावं काढून घ्यायचं. मग तो देवाचा. त्याला कापायचं नाही, विकायचं नाही, पिकात शिरला तरी काठी उगारायची नाही, नुसतं हाकलायचं. तो हिंडतो, माजतो, म्हातारा होतो, एक दिवस मरतो. तिथं विषय मिटला. एकटं जनावर खाऊन खाऊन किती खाणार?

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तेवढ्यावर शेती केली, चार माणसांत बोललो, कुणापुढं मान खाली घालायची वेळ आली नाही. हेही कुणाकडून लिहून घेत नाही, माझ्या हातानं लिहितोय. कारण इथं शहरात सोसायटीतले लोक मला विचारतात, अण्णा, दर चैत्रात एवढ्या उन्हाचं कुठं जाता? टेकडीवर, असं सांगितलं की त्यांना वाटतं म्हातारा वेरूळकडं देवदर्शनाला जातो. आमची टेकडी तिकडं नाही. आमची टेकडी पाण्यात आहे.

पैठणच्या धरणात आमचं गाव गेलं तेव्हा मी जवान होतो. गाव खाली होतं आणि म्हसोबाची टेकडी वर. पाणी चढत आलं तशी घरं गेली, विहिरी गेल्या, चावडी गेली, आणि टेकडी तेवढी राहिली. चारी अंगाला पाणी, मधी टेकडी. सरकारनं वर माळावर नवं गाव वसवून दिलं, आखून दिलेल्या गल्ल्या, सारखी घरं. लोक तिकडं गेले. म्हसोबा मात्र होता तिथंच राहिला. जो देव बुडालाच नाही त्याला हलवायचं कारण काय, असं त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. चैत्रात होडीनं जायचं, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, परत यायचं.

ती टेकडी काही नुसता देवाचा ओटा नव्हती. पोरपणी मी तिथंच गुरं राखली. वर हिवराचं एक मोठं झाड होतं, दुपारी सगळ्या गावची गुरं त्याच्या सावलीला बसायची. उतारावर बोरी, तरवड, पळस, आणि गुडघ्याएवढं गवत. पावसाळ्यात त्या गवतातून चाललं तर पायजमा मांडीपर्यंत भिजायचा. धरण झाल्यावर गवत कापायलाही कुणी जाईना, तेव्हा तर टेकडी अशी माजली की होडीतून पाहिलं की डोळे निवायचे. माझं घर ज्या जागी होतं तिथं आता मासे फिरतात. शेत गेलं, खळं गेलं, बापाला जाळलं ती जागा गेली. गाव म्हणून हात लावून दाखवावं असं जमिनीवर काय राहिलं, तर ती टेकडी आणि तो हिवर. बाकी सगळं मी पोरांना हवेत बोट फिरवून दाखवायचो, की तिथं अमकं होतं, तिथं तमकं होतं.

आता शेळीचं सांगतो.

माझा थोरला लहान होता. नुकता चालायला लागलेला. त्याला ताप आला आणि तो ताप डोक्यात गेला. बैलगाडीतून, मग एसटीतून त्याला शहरात आणला. डॉक्टरांनी सगळं केलं आणि शेवटी म्हणाले, आता वाट बघा. माझी बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं तिथल्या तिथं म्हसोबाला बोलून टाकलं, पोरगं उठू दे, माझ्या दावणीतलं सगळ्यात चांगलं जित्राब तुला सोडीन.

पोरगं उठलं.

आता बाईनं सरळ बोकड म्हणायला काय झालं होतं? पण ती बोलली सगळ्यात चांगलं जित्राब. आणि त्या वर्षी आमच्या दावणीत सगळ्यात चांगली होती ती एक तांबडी शेळी. लांब कानाची, भरल्या कासेची, दर खेपेला जुळं देणारी. त्या वेळी ती गाभण होती. मी समजावलं, अगं, शेळी सोडत नसतात, आपला एक बोकड आहे तो सोडू. गुरवानंही समजावलं. आमचा गुरव माझ्याच वयाचा, तेव्हा तोही तरणा होता, नुकता बापाच्या जागी देवाजवळ बसलेला. तो म्हणाला, वहिनी, देवाला बोकड चालतो.

ती म्हणाली, "चालतो आन् मी बोलले यात फरक हाय. तो बोकड माझ्या दावणीत सगळ्यात चांगला हाय का? तुम्ही सांगा, हाय म्हणून. मग सोडते."

बोकड लुकडा होता. गुरव माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. खोटं कोण बोलणार, तेही देवाच्या बाबतीत? शेळी होडीत चढवली. टेकडीवर आधी कुणीतरी सोडलेला एक बोकड होताच. तो हिवराच्या बुंध्याला अंग घासत उभा होता. शेळीच्या गळ्यातलं दावं बायकोनंच काढलं, आणि येताना होडीत ते मांडीवर घेऊन बसली. तिच्या तोंडावर असं समाधान होतं की मी काय बोलणार.

पहिली पुष्कळ वर्षं कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. उलट बरं वाटायचं. चैत्रात गेलं की करडं दगडावरून उड्या मारताना दिसायची. बायका म्हणायच्या, देवाचं गोकुळ वाढलं. आमच्याकडं देवाचं जित्राब मोजत नसतात, मोजलं की नजर लागते. त्यामुळं किती झाली हे कुणी कधी मोजलं नाही. दुष्काळात काही मरायची, पाऊस झाला की पुन्हा भरायची. आम्ही तोवर शहरात आलो होतो. थोरल्याला इथं नोकरी लागली, त्यानं घर घेतलं, आणि मी शेतीचा उरलेला तुकडा कुलूप घालावं तसा भावाच्या हवाली करून आलो. वर्षातून एकदा टेकडी बघायची. एकदाच बघणाऱ्याला झीज लवकर कळत नाही.

मला कळलं ते आवाजावरून. होडीतून उतरून वर चढत होतो आणि पायाखाली खडखड वाजायला लागलं. मी थांबलो. या उतारावर पाय कधी वाजत नसायचा, गवत असायचं. खाली बघितलं तर नुसता मुरूम. मग मान वर केली आणि बघतच राहिलो. बोरी गेल्या होत्या. पळसाचे बुडखे राहिले होते. तरवड कडू, शेळी त्याला तोंड लावत नाही असं मी पोरपणापासून ऐकत आलो, पण भुकेपुढं कडूबिडू काही नसतं, तरवडसुद्धा ओरबाडलेला. हिरवं म्हणून राहिलं होतं ते रुईचं झाड, एवढंच. आणि हिवर. हिवराला शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पोचतील तिथपर्यंत पाला नव्हता. जसं कात्रीनं सारखं कापावं तसं खालून सपाट. बुंध्याची साल कुरतडलेली. मुळ्या उघड्या पडून म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरांसारख्या वर आलेल्या.

मूळच राहिलं नाही तर माती धरणार कोण? पावसानं वरून न्यायची, लाटांनी खालून. धरण भरलं की वारा सुटतो आणि लाटा टेकडीच्या अंगाला धडका मारतात. पडलेल्या दरडी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या.

मी काही हातावर हात धरून बसणाऱ्यातला नाही. पुढच्या पावसाळ्यात लिंबाची आणि हिवराची रोपं नेली, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. चैत्रात जाऊन बघतो तर रोपं नाहीत, फांद्यांची सालं खाल्लेली, काटे तेवढे राहिलेले. मग इथल्या शहागंजच्या बाजारातून तारेची जाळी आणली, हिवराच्या बुंध्याला गुंडाळली. होडीवाला भोई आमचा जुना माणूस, तो जाळी धरायला लागला आणि मी तार पिळायला. तो हसून म्हणाला, अण्णा, झाडाला साडी नेसवताय व्हय. मी म्हणालो, धर गुपचूप. त्या जाळीवर पाय देऊन शेळ्या आणखी वर चढल्या. पूर्वी जिथं तोंड पोचत नव्हतं तिथं मी शिडी लावून दिल्यासारखं झालं.

थोरल्यानं एकदा मला त्याच्या फोनवर टेकडी दाखवली. आकाशातून काढलेला फोटो. निळ्या पाण्यात एक पांढुरका ठिपका, भाकरीवर पिठाचा डाग राहावा तसा. मग त्यानं काहीतरी दाबलं आणि जुन्या सालातला फोटो आणला. तोच ठिपका हिरवा. तो बोटानं एकदा हा दाखवायचा, एकदा तो. हिरवा, पांढरा, हिरवा, पांढरा. मी म्हणालो, पुरे.

तो म्हणाला, जगात पुष्कळ ठिकाणी असंच झालंय. लांब समुद्रातल्या बेटांवर जहाजवाल्यांनी शेळ्या सोडल्या, परत येताना खायला मिळतील म्हणून, आणि त्यांनी बेटंच्या बेटं बोडकी केली. मग तिथल्या सरकारांना त्या काढाव्या लागल्या. मी विचारलं, काढल्या म्हणजे? तो म्हणाला, बहुतेक ठिकाणी मारल्या. स्वयंपाकघरात त्याची आई भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

ती बाहेर आली नाही. त्या दिवशी जेवताना एकदाच मला म्हणाली, "दिलेलं परत घ्यायचं म्हणजे काय परत घ्यायचं, ते तुम्हाला कळतं का?"

मी म्हणालो, पोरगं आता पन्नाशीला आलंय, टक्कल पडलंय, बीपीची गोळी खातंय. त्याला आता म्हसोबा काय करणार?

"बीपीची गोळी खायपर्यंत जगला तो कुणामुळं?"

मी पाणी प्यायलो.

तरी मी हेका सोडला नाही. एका वर्षी पाऊस कमी झाला आणि वैशाखात धरणाचं पाणी इतकं उतरलं की टेकडीच्या एका अंगाला चिखल सुकून वाट उघडी पडली. मी नव्या गावात गेलो आणि लोकांना म्हणालो, मारायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, नुसत्या हाकलायच्या. हाकलायला रिवाजाची मनाई नाही. एकदा त्या वाटेनं जमिनीवर आल्या की त्यांचा देव आणि त्या. लोकांना पटलं, कारण त्यात पाप कुणाच्या अंगावर येत नव्हतं. गडी जमले. आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की तुम्ही नुसते मागून या, पुढं राहून मी हाक देतो, माझ्या हाकेला शेळी आली नाही असं मी या अंगठ्याएवढा होतो तेव्हापासून झालेलं नाही.

शेळ्यांना बोलवायची एक हाक असते. जीभ टाळूला लावून घुमवायची, मधीच ओठांनी तोडायची. माझा बाप ती द्यायचा, मी द्यायचो. आमची तांबडी शेळी ती हाक ऐकली की शेतातून दावणीपर्यंत धावत यायची. मी त्या सुकल्या वाटेवर उभा राहिलो आणि हाक दिली.

वर कड्याला शेळ्या रांगेनं उभ्या होत्या. त्यांनी माना वळवल्या. कान टवकारले. मी पुन्हा दिली. त्या माझ्याकडं अशा बघत होत्या जसं आपण लांबून जाणाऱ्या मोटारीकडं बघतो. भीती नाही, ओळख नाही. त्यांच्या आईच्या आईच्या आईनं माणसाचा हात शेवटचा बघितला होता. या हाकेचा अर्थ दाणा असतो, पाणी असतं, हे त्यांना कोण सांगणार? मागून गडी ओरडत आले तेव्हा त्या उधळल्या, पण वाटेकडं नाही, सरळ कड्यावरून खाली, जिथं माणूस पाय ठेवणार नाही तिथून. दुपारपर्यंत आम्ही एकही शेळी वाटेला लावू शकलो नाही. एक गडी पडला, त्याचा गुडघा फुटला. भोई माझ्याजवळ येऊन पाण्याची बाटली देत म्हणाला, "अण्णा, त्यांना मराठी येत नाय."

सगळे हसले. मीही हसायला पाहिजे होतं.

त्यानंतर वनखात्याची दोन माणसं नव्या गावात आली. तरणी होती, बोलायला सभ्य. म्हणाली, धरणावर लांबून पक्षी येतात, त्या टेकडीवर अंडी घालायचे ते आता घालत नाहीत, शेळ्या तुडवतात. आम्ही जाळी लावून धरू, मारणार नाही, होडीनं आणून सांभाळायला देऊ. पण गावानं एका तोंडानं हो म्हणावं. उद्या कुणी होडीपुढं आडवा पडला तर आम्हाला ते नको.

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटत होतं, झालं काम. मलाही वाटलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाला मनापासून चहा पाजला.

पण एक तोंड आणायचं कुठून? निम्मे म्हणाले द्या, निम्मे म्हणाले देवाच्या जित्राबाला जाळी लावायची म्हणजे देवालाच लावायची. शेवटी गुरव म्हणाला, आपण कशाला भांडायचं, ज्याच्या शेळ्या त्यालाच विचारू. चैत्रात कौल लावू.

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. टेकडीवर फूल कुठलं मिळणार, मी शहागंजातून झेंडू घेऊन गेलो. चांगले टपोरे, देठाला जड, पडतील असे. त्यात माझी लबाडी म्हणा.

त्या चैत्रात टेकडीवर पुष्कळ माणूस होतं. थोरला रजा काढून आला होता. बायको त्याच्या शेजारी बसली होती. गुरवानं देवाला आंघोळ घातली, शेंदूर लावला, फुलं लावली आणि मोठ्यानं म्हणाला, "म्हसोबा, शेळ्या न्यायच्या असतील तर उजवं दे. राहू द्यायच्या असतील तर डावं दे. लेकरं दारात बसलीत."

आम्ही बसलो. ऊन चढायला लागलं. सावली हिवराची, ती पण आता नावाची, वरच्या पाल्याची जाळीजाळी सावली. फुलं हलेनात. कुणी खोकलं की सगळे त्याच्याकडं बघायचे. गुरव म्हणाला, देव विचार करतोय. भोई म्हणाला, सरकारी काम दिसतंय. त्याला गप्प केलं.

मी डोळे मिटून उजव्या फुलाला मनातल्या मनात खाली ओढत होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक हुं असा आवाज आला. डोळे उघडले तर देवाच्या मागच्या दगडावर एक शेळी उभी. पिवळ्या डोळ्यांची, हनुवटीला दाढी, पोट सुटलेलं, गाभण असावी. इतकी माणसं बसलेली, पण तिला आमची पर्वा नव्हती. तिनं मान लांब केली, देवाच्या खांद्यावरचं उजवं फूल ओठांनी उचललं आणि चावायला लागली. झेंडूच्या पाकळ्या तिच्या दाढीला लागल्या. डाव्या फुलाकडं तिनं बघितलंही नाही. खाऊन झालं, वळली, दगडावरून उडी मारून गेली.

मग एकदम सगळे बोलायला लागले. एक जण म्हणाला, उजवं फूल देवाच्या अंगावरून गेलं, म्हणजे उजवं पडलं, म्हणजे न्या. दुसरा म्हणाला, पडलं कुठं, ते तर खाल्लं. खाल्लं म्हणजे पडायच्या आधीच देवानं मागं घेतलं. तिसरा म्हणाला, शेळी देवाची, म्हणजे देवानंच आपल्या तोंडानं होकार गिळला. गुरवाला विचारलं तर तो घामाघूम. त्याच्या बापाच्या काळात असा कौल झाला नव्हता. तो म्हणाला, पुन्हा लावू का? त्यावर कुणीतरी म्हणालं, देवाला एकदा विचारतात, दोनदा नाही.

मी उठलो. मला बोलायचं होतं. शब्द तयार होते. मी सांगणार होतो की उजवं फूल खांद्यावर राहिलेलं नाही, डावं अजून आहे, याचा अर्थ पोराला पण कळेल.

पण त्याआधी माझी बायको बोलली. ती चार माणसांत कधी बोलत नाही, म्हणून सगळे गप्प झाले. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "त्यानं होय म्हणायचं फूलच काढून घेतलं. आता काय राहिलं इचारायचं?"

आणि बोलताना तिनं थोरल्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती. पन्नाशीचा बाप्या, डोक्यावर टक्कल, हातात फोन, आणि त्याची बाही त्याच्या आईनं अशी घट्ट धरलेली की मुठीचे सांधे पांढरे झाले होते. थोरल्यानं ते बघितलं. बाही सोडवून घेतली नाही. मी जाताना एसटीत त्याला सांगून ठेवलं होतं की तू शिकलेला आहेस, तू उठून सांग, तुझं ऐकतील. तो उठला नाही. मी त्याला दोष देत नाही. मीही खाली बसलो.

टेकडी तिथंच हरली. वनखात्याच्या माणसांना गावानं नको म्हणून कळवलं.

पुढं एक वर्ष गेलं आणि ओट्याचा एक कोपरा खचला. देव तिरका झाला. तेव्हा नव्या गावातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं की टेकडीचा भरवसा नाही, देव उचलून नव्या गावात आणायचा, तिथं सिमेंटचं देऊळ बांधायचं. मी विचारलं, आणि शेळ्या? म्हणाले, शेळ्या देवाच्या आहेत, त्यांना हात लावता येत नाही. मी म्हणालो, देवाला हात लावता येतो आणि देवाच्या शेळ्यांना येत नाही, हे कुठलं शास्त्र? सगळ्यांना ते शास्त्र बरोबरच वाटत होतं.

आता एक गोष्ट अशी आहे की म्हसोबा जागचा हलवायचा तर पहिला हात आमच्या घराचा लागतो. तो मान आमचा, पिढ्यान्‌पिढ्याचा. थोरला पुढं झाला तर त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं. गुरव, पुढारी, भाऊ, सगळे माझ्याभोवती. किती समजावलं. मी ओट्यावर बसून राहिलो. म्हणालो, मी हात लावणार नाही आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या घरातलं कुणी लावणार नाही. देव इथला आहे. देव नेला की ही टेकडी नुसता मुरमाचा ढीग, मग इकडं कोण फिरकणार?

गुरव शेवटी शेजारी येऊन बसला. आता तोही म्हातारा, गुडघे धरून बसतो. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, तुम्ही नाय म्हणताय, मी मान देतो. पण तुम्ही किती दिवस?"

"टेकडी आहे तोवर."

"आन् टेकडी किती दिवस?"

देव तिरकाच राहिला. त्याच्याखाली दगड सरकवून ठेवले आणि आम्ही परत आलो. माझ्याजवळ एक नकार होता, तो मी वापरला. त्यानं एक मूठ माती वाचली असं मी म्हणू शकत नाही.

यंदा चैत्रात आम्ही दोघंच गेलो. थोरल्याला रजा नव्हती. बायकोला आता चढवत नाही, ती खाली होडीजवळच सपाट दगडावर बसते. सोबत पिशवीत मक्याचा भरडा आणते, शेळ्यांसाठी. मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. भरडा दगडावर ठेवून ती लांब सरकते, तेव्हा कुठं शेळ्या येतात. हाडं दिसायला लागलीत त्यांची. खायला काही राहिलेलं नाही, आता त्याही टेकडीसारख्याच खंगत चालल्यात. त्यांच्यावर राग धरावा तर धरता येत नाही.

मी वर गेलो. चैत्र म्हणजे हिवराला कोवळा पाला यायचा महिना. पाला नव्हता. कुठल्याच फांदीला नव्हता. मी म्हणालो, उशीर झाला असेल, पाऊस कमी होता. एक फांदी हाताला आली ती खाली ओढली आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. जितं लाकूड असलं तर सालीखाली हिरवं ओलं निघतं. कोरडी भुकटी निघाली. दुसरी फांदी ओढली. ती ओढल्या ओढल्या मोडून हातात आली. मग बुंध्याजवळ गेलो, शेळ्यांच्या तोंडाच्या वर, जिथं साल अजून शाबूत होती, तिथं खरवडलं. तिथंही तेच.

खालून तिनं हाक दिली. एवढ्या लांबून तिला नीट दिसत नाही, पण मी झाडाला टेकून उभा आहे एवढं कळलं असणार.

"हाय का हिरवं?"

भोई होडीतून माझ्याकडं बघत होता. शेळ्या भरडा चाटत होत्या. तिच्या आवाजात असं काही होतं की जणू तीच दोषी आणि मी पंच.

मी मोडलेली फांदी मागच्या बाजूला टाकून दिली.

"हाय," मी म्हणालो. "शेंड्याला हाय थोडं."